सुतकात तेल नाही

आमच्या म्हशीला माझा हात चालत नसे. माझाच काय, सासूबाईंखेरीज कुणाचाच चालत नसे. सासऱ्यांनी ती घोडेगावच्या बाजारातून आणली आणि पुढच्याच वर्षी ते गेले. तेव्हापासून तिचं सगळं सासूबाईंनी केलं. दुसरं कुणी कासेखाली बसलं, की ती मान वळवून वास घेई, पाय झाडी आणि पान्हा चोरी. माझे यजमान चेष्टेनं म्हणत, "आपल्या घरात दोन सुना हायेत, अन् त्यातली थोरली गोठ्यात बांधलीय." मीही हसत असे. पण मी सांगते त्या हिवाळ्यात माझ्या तान्ह्या मुलाचा जीव त्या म्हशीच्या दुधावर होता, आणि हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती ती. मी नगर शहरात वाढलेली, सातवी पास, आणि लग्न होऊन आले पारनेरच्या पठारावरच्या एका वस्तीवर. वस्ती म्हणजे दोन घरं. एक आमचं आणि बांधापलीकडे चुलत सासऱ्यांचं. गाव ओढ्याच्या पल्याड. दिवाळी झाली आणि मला हिवतापानं गाठलं. त्यावरचं औषध, कोयनेल, मिळता मिळत नव्हतं. ते मिळालं तोवर मी अंथरुणाला खिळले होते, आणि ताप उतरला तेव्हा अंगावरचं दूध पार आटलेलं होतं. वस्तीवर दुसरी पाजणारी बाई नव्हती. शेळीचं दूध देऊन पाहिलं तर मुलाला ढाळ लागली. गावातलं दूध ठेकेदार पहाटेच गोळा करून नगरच्या लष्करी छावणीकडे नेत. राहिली ती आमची म्हैस. सासूबाई धार काढायच्या, मी दुधात पाणी घालून ते उकळायची आणि बोंडल्यानं थोडं थोडं मुलाच्या तोंडात सोडायची. त्यावर पोर हळूहळू बाळसं धरू लागलं होतं.

आमच्या पठारावरची थंडी कोरडी. सकाळी वारा सुटला की गाल, ओठ, कोपरं, टाचा, सगळं उलतं. नखानं नुसती रेघ ओढली तरी कातडीवर पांढरी उमटते. सासूबाईंचे हात तर वर्षभर मातीत, शेणात आणि पाण्यात. कांद्याला पाणी द्यायचं म्हणजे गार चिखलात उभं राहून वाफ्यांची दारं धरायची. त्यामुळे हिवाळ्यात त्यांचा एक नेम असे. संध्याकाळची जेवणं झाली, की चुलीतल्या उरल्या विस्तवावर पळीत करडईचं तेल तापवायचं, त्यात मेणाचा खडा विरघळवायचा आणि कोमट असतानाच ते हातापायांच्या भेगांत भरायचं. मग हात चुलीपुढे धरून त्या बसायच्या, आणि तेवढा वेळ कुणाशी भांडायच्या नाहीत. सकाळी धारेला बसतानाही बोटांना थेंबभर तेल असायचंच. थंडीत म्हशीचे सडही उलतात, आणि खरखरीत हातानं ओढले तर तिला दुखतं. हे सगळं इतकं रोजचं होतं, की मी त्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं.

पौषात चुलत सासूबाई गेल्या. सासूबाईंची ही थोरली जाऊ. घरात मूलबाळ नव्हतं, मागे एकटे म्हातारे चुलत सासरे. या दोघी जावांचा अबोला मी लग्न होऊन आले तेव्हाही जुनाच होता. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा विहीर सामाईक राहिली, आणि मोटेच्या पाळीवरून दोघींची एकदा जी जुंपली, ती कायमची. बांधावर समोरासमोर आल्या तर दोघींपैकी एक वाट बदलायची. माझ्या मुलाच्या बारशाला थोरल्या सासूबाई आल्या नाहीत, कारण त्यांना कुणी बोलावलंच नाही. पाळणा हलवताना त्यांचं घर आमच्या दारातून सरळ दिसत होतं.

त्या गेल्या त्या दिवशी सासूबाई तिकडून परत आल्या, गार पाण्यानं अंघोळ केली आणि खुंटीवरची तेलाची बाटली काढून वर फडताळात ठेवली. म्हणाल्या, "दहाव्यापस्तोर आंगाला तेल न्हाई."

सुतकात तेल लावत नाहीत हे मला काय ठाऊक नव्हतं? माझ्या माहेरीही पाळत. पण शहरात पाळतात तसं. डोक्याला तेल नाही, वेणीफणी नाही, बाकी कोण बघतंय. मला वाटलं, जिच्याशी या बोलत नव्हत्या तिचं सुतक या पाळून पाळून किती पाळणार? भावकीला दाखवण्यापुरतं पाळतील आणि धारेच्या वेळी गुपचूप बोट बुडवतील. मी त्यांना ओळखलं नव्हतं.

पहिल्या एक-दोन सकाळी काही कळलं नाही. मग हात उलायला लागले. आधी पेरांवर बारीक चिरा, मग तळहाताच्या रेघाच जशा काही फाटल्या. म्हैस चुळबुळ करू लागली. चरवी अर्धी यायची, मग त्याहूनही कमी. सासूबाईंनी बोटं दुधात भिजवून धार काढून पाहिली. ओल्या बोटांना वारा लागून भेगा आणखी वाढल्या, आणि सडांनाही चिरा पडल्या. आता त्यांचा हात लागला की म्हैस पाठ आकसून घ्यायची.

मी म्हटलं, "आत्याबाई, हाताला थोडं तेल लावा. धारेपुरतं."

"सुतक हाय."

"लेकराला दूध पुरत नाही."

"मला काय दिसत न्हाई व्हय?" एवढं बोलून त्या शेणाची पाटी उचलून चालू लागल्या.

वडिलांनी माझ्यासाठी नगरहून पाठवलेली पांढऱ्या मलमाची डबी माझ्या पेटीत होती. ती काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वास घेतला, किंचित बोटावर घेऊन चोळून पाहिलं आणि बोट लुगड्याला पुसून टाकलं. "ह्ये तेलच हाय. थिजलेलं," म्हणाल्या आणि डबी मला परत दिली. मी ती पेटीत आपटली. माझा स्वभाव तेव्हाही तापटच होता.

मुलाला रोज तेल लावून शेकायचं काम त्यांचं. सुतकात ते माझ्याकडे आलं. तान्ह्याला तेल चालतं, असं त्या स्वतःच म्हणाल्या, मात्र बाटलीला त्यांनी हात लावला नाही. माझी बोटं तेलात बुडू नयेत म्हणून मला कापडाचा बोळा करून दिला. मी बोळा बाजूला ठेवला आणि त्यांच्यासमोर सरळ हातानं मुलाला तेल चोपडलं. मला भांडण हवं होतं. त्यांनी पाहिलं आणि त्या बाहेर निघून गेल्या. म्हणजे मी सुतक पाळते की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पाळायचं होतं ते त्यांना स्वतःला. याचा अर्थ मला लागेना, आणि त्यामुळे मी जास्तच चिडले.

यजमानांना मध्ये घातलं. "मी सांगून बगतो," म्हणून ते गोठ्याकडे गेले, आईकडे पाहत थोडा वेळ उभे राहिले आणि म्हशीला कडबा टाकून परत आले.

"काय म्हणाल्या?"

"काय न्हाई. मीबी काय म्हनलो न्हाई." त्यांच्याकडून याहून जास्त अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. बोलायचं काम पडलं की त्यांना हमखास कडबा आठवायचा.

मग मीच धारेला बसायचं ठरवलं. सासूबाईंनी आपलं अंगावरचं लुगडं मला नेसायला दिलं. त्या वासाला तरी म्हैस फसावी. स्वतः पेंडीचं घमेलं धरून तिच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. माझ्या हाताला तेल होतं, हात मऊ होते. म्हशीनं मान वळवली, एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि मागचा पाय असा झाडला की मी चरवीसकट शेणात पडले. सासूबाईंनी मला हाताला धरून उठवलं. त्यांचा तळवा माझ्या मनगटाला खरडत गेला. "तुजं काय चुकलं न्हाई," म्हणाल्या, "तिला माजीच सवय हाय." त्या बाईचा राग यावा की कीव करावी हे मला कळत नव्हतं, आणि घरात पोर रडत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेगळाच उपाय काढला. बांधावरची कोरफड कापून आणली आणि तिचा गर हातांना चोळला. कोरफड म्हणजे काही तेल नव्हे, सुतकाला तिची बाधा नाही. हात खरोखरच थोडे मऊ पडले. म्हशीनं त्या दिवशी पाय कमी झाडले आणि चरवीत बऱ्यापैकी दूध आलं. मी लगबगीनं ते तापवलं, बोंडलं भरलं. मुलानं एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळं बाहेर काढलं. मी चाखून पाहिलं तर कडू जहर. हाताचा गर धारेबरोबर दुधात उतरला होता. भुकेलं पोर ओठ घट्ट मिटून घेत होतं आणि मी ते बोटानं उघडायला बघत होते. त्यानंतर चांगल्या दुधाचं बोंडलं पुढे केलं तरी ते मान फिरवू लागलं.

मग त्याचं रडणं कमी झालं. ज्यांनी तान्हं मूल सांभाळलंय त्यांना वेगळं सांगायला नको, की रडणारं पोर परवडलं. टाळू आत गेली. गालांची कातडी उलून तिच्यावर खवले धरले. भाताची पेज घातली ती निम्मी बाहेर आली. यजमान ओढा ओलांडून गावात गेले आणि पेलाभर दूध घेऊन आले, तेही कुणाच्या तरी पोराच्या तोंडचं. रोज असं कोण देणार? दहावा अजून लांब होता. मुलाच्या छातीवर हात ठेवून मी बसून राहायची, आणि हात काढायला भीती वाटायची.

त्या सकाळी थंडी मी म्हणत होती. कडब्याच्या गंजीवर पांढरं दव थिजलं होतं. मुलाला गोधडीत गुंडाळून मी गोठ्यात उभी होते. घरात बसून वाट बघणं मला आता जमत नव्हतं. यजमान मोटेचा नाडा खांद्यावर टाकून विहिरीकडे निघाले होते, ते दारात थबकले. सासूबाईंनी रेडकू सोडलं. त्यानं ढुशा दिल्या, म्हशीला पान्हा आला. रेडकू ओढून बांधलं आणि त्यांनी सडांना हात घातला. म्हैस थरथरली, पण उभी राहिली. दोन-चार धारा पडल्याही. मग चरवीत पाहून सासूबाई थांबल्या. दूध तांबूस झालं होतं. भेगा फुटून त्यांच्या बोटांचं रक्त सडांवरून खाली उतरत होतं. त्यांनी चरवी उचलली आणि होतं नव्हतं ते दूध शेणात ओतून दिलं.

माझा तोल गेला. "ओता. सगळं ओता. मेलेल्या बाईसाठी जितं पोर मारा. आणि बाई तरी कोण? जिचं तोंड बघत नव्हता तुम्ही. जिवंतपणी तिला घोटभर पाणी विचारलं नाहीत, आणि आता हात कोरडे ठेवून कुणाला दाखवताय?"

सुनेनं सासूला असं बोलायचा तो काळ नव्हता. यजमानांनी दारातून माझ्याकडे पाहिलं. सासूबाई उठल्या नाहीत. म्हशीच्या पोटाला डोकं टेकून बसल्या होत्या तशाच राहिल्या, आणि बोलल्या ते आमच्यापैकी कुणाकडेही न बघता.

"मानमोडीच्या साथीत मी पडले हुते. ह्यो तुजा नवरा तवा तुज्या लेकराएवढा. माजं दूध आटलं. घरात तीच एक पाजीत हुती. एका अंगाला तिचा ल्योक, एका अंगाला ह्यो. मग तिचा ल्योकबी तापला. तो गेला. मानसं त्याला मूठमाती देऊन आली, अन् त्याच सांजंला तिनं ह्याला मागून घेतला. म्हनली, आन त्याला हिकडं, अंग भरून आलंय माजं. मी उठून बसंस्तोर पाजला तिनं. अन् त्या बाईशी मी पान्याच्या पाळीवरून भांडले. पुन्हा एक शबुद बोलले न्हाई. आता बोलून ती ऐकतीय व्हय? तिच्यासाठी करन्यासारखं एवढंच माज्या हातात ऱ्हायलंय. तेबी करू नको म्हनती?"

मी यजमानांकडे पाहिलं तर ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते, आणि यातलं काहीही त्यांना ठाऊक नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. घरातल्या भांडणात ती गोष्ट कधीच गाडली गेली होती. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. राग होताच, फक्त तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. मला रडू आलं.

मी घरात गेले, फडताळातली बाटली काढली, वाटीत तेल ओतून निखाऱ्यावर कोमट केलं आणि परत गोठ्यात आले. मूल त्यांच्या मांडीवर ठेवलं, वाटी शेजारी ठेवली. म्हटलं, "याला तेल लावा. माझ्यानं नीट लागत नाही. गाल बघा त्याचे."

मी काय करते आहे ते त्यांना कळलं. तान्ह्याला तेल चालतं, आणि लावणाऱ्याच्या हाताला ते लागल्यावाचून राहत नाही. त्यांनी मुलाच्या गालावरून बोट फिरवलं. त्यानं डोळे किलकिले केले, बाकी हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, आता वाटी सारून देतील.

"ह्याच्या नावावर नको घालू," त्या म्हणाल्या. "मोडलं तर मी मोडलं."

त्यांनी दोन्ही हात वाटीत बुडवले. उघड्या भेगांत तेल उतरलं तसे त्यांनी डोळे गच्च मिटले आणि दातावर दात धरले. मग हातावर हात चोळले, सडांना तेल लावलं, मुलाच्या गालांना लावलं आणि पुन्हा धारेला बसल्या. चरवी लगेच भरली असं झालं नाही. सडांच्या चिरा होत्याच आणि म्हशीच्या मनातली धास्तीही होती. पण त्या दिवशी आलेलं दूध पांढरं होतं. मुलानं पहिलं बोंडलं थुंकलं, दुसऱ्याला जिभेनं चाचपलं आणि मग गिळलं. संध्याकाळी म्हैस आणखी थोडी सैल झाली. पुढच्या दिवसांत मुलाचं रडणं परत आलं, आणि ते ऐकून मी हातातली भाकरी टाकून उठायची, इतकं ते मला गोड वाटायचं.

सासूबाईंच्या तोंडावर मात्र हसू नव्हतं. दोन्ही वेळा धारेपूर्वी तेल लावायच्या, मुकाट्यानं, दुसऱ्याचं काही घ्यावं तसं. जेवायला बसायच्या आणि अर्ध्यावर उठायच्या. एकदा मी त्यांचे पाय चेपायला बसले तर त्यांनी पाय आखडून घेतले. पोर वाचलं, आणि त्या मात्र दिवसेंदिवस खंगत चालल्या होत्या. जे करायला मी भाग पाडलं होतं, त्याबद्दल मी त्यांचं समाधान तरी कसं करणार?

दहाव्याच्या दिवशी पुरुषमंडळी ओढ्यावर गेली. भावकीतल्या बाया चुलत सासऱ्यांच्या घरी जमल्या. तिथे एकमेकींच्या डोक्याला तेल लावून सुतक सोडायचं होतं. सासूबाई गेल्या नाहीत. "मी काय सोडू? माजं कवाच मोडलंय," म्हणाल्या आणि ओट्यावर बसून राहिल्या. मीही मूल घेऊन त्यांच्याजवळ बसले.

उन्हं वर आली तेव्हा यजमान बांधावरून येताना दिसले. टोपी हातात होती आणि डोकं तुळतुळीत केलेलं. डोकं भावकीतल्या आणखी काहींनीही केलं होतं. पण ते जवळ आले आणि मला त्यांची मिशी दिसेना. आमच्याकडे मिशी आईबापांसाठीच उतरवतात. सासरे गेले तेव्हा त्यांनी एकदा उतरवली होती. त्यानंतर राहिली ती आईसाठी, आणि आई तर समोर ओट्यावर जिती बसलेली. तिच्यापुढे असं येऊन उभं राहणं म्हणजे तिला मेलेली म्हणणं. मागून येणारे चुलत सासरे आणि भावकीतली माणसं बांधावरच थांबली. पुढे काय होईल याची धास्ती मला होती तशीच त्यांनाही असावी.

यजमान ओट्याखाली उभे राहिले आणि खाली मान घातली. सासूबाई त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत होत्या.

"सूनबाई, तेल आन," त्या म्हणाल्या. "कोमट करून आन."

मी आणलं. यजमान ओट्याला टेकून जमिनीवर बसले. वस्तऱ्यानं आणि वाऱ्यानं डोक्याची कातडी पांढरी पडली होती, कानामागे उललीही होती. सासूबाईंनी तळहातावर तेल घेतलं आणि ते सावकाश त्यांच्या डोक्यावर जिरवू लागल्या. त्यांच्या हातांच्या भेगा अजून भरल्या नव्हत्या. टाळू झाली, कानामागं झालं, मग बोटं खाली येऊन वरच्या ओठावर थांबली. तिथेही त्यांनी हळूच तेल लावलं. मग मान वर करून बांधावरच्या लोकांकडे पाहिलं.

"बगता काय," त्या म्हणाल्या. "आई गेलीय त्याची."